झांबेझीचा वाघमासा

झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या झांबेझीच्या कांठीं पाहुणे उतरतात ते 'टायगर फिश'साठीं. ऑक्टोबरांत उन्हाची काहिली होते. समोरच्या बेटाकडे हत्ती पोहत जातात. या माशाचा जबडा इतका कठीण कीं गळ सहसा रुततच नाहीं. दोरा तर त्याचे दांत क्षणांत कातरतात, म्हणून गळापाशीं पोलादी तार बांधावी लागते. मासा पाण्याबाहेर उसळून डोकें झाडतो आणि पुष्कळदां निसटतो! हातीं लागला तरी त्याला परत सोडण्याचा तेथें प्रघात आहे. त्यांत दयेपेक्षां हिशेब अधिक. या जातींत माद्याच मोठ्या वाढतात; भिंतीवर मिरविण्याजोगा मासा बहुधा अंडीं घालणारी मादीच असते. वाटाड्या ओल्या हातांनीं तिला प्रवाहासमोर धरतो. शेंपटी हलूं लागली, कीं मूठ सैल करतो.