छायाचित्र विकले, हक्क कोणाचा?

खडवली येथे भातसेच्या काठी टिपलेले एखादे छायाचित्र दिनदर्शिकेसाठी विकले जाते. मोबदला हाती आला की व्यवहार संपला, असे छायाचित्रकार समजतो. कायदा मात्र तसे मानत नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी छायाचित्रकारच असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. प्रत विकल्याने हक्क विकला जात नाही. तथापि, लग्नसमारंभासारखे काम कोणी मोबदला देऊन करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काम सांगणाऱ्याचा ठरतो.

हक्कच दुसऱ्याच्या नावे करणे म्हणजे अभिहस्तांकन. ठरावीक वापराची मुभा म्हणजे परवाना. दोन्ही लेखी हवेत. अभिहस्तांकनात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे, प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता धरला जातो.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यापुढे ६० वर्षे लाभते. मुलाबाळांपर्यंत पोचणारी ही मिळकत न वाचता केलेल्या एका स्वाक्षरीने हातची जाऊ नये. म्हणून प्रत्येक विक्रीच्या वेळी उपयोग, मुदत, प्रदेश व मोबदला या ४ बाबी कागदावर अवश्य नोंदवाव्यात.