माप माणसाचे



 जैववैद्यकीय अभियांत्रिकीत काम करणारे आपण या अधिवेशनासाठी पुण्यात जमलो आहोत, म्हणून सुरुवात इथल्याच एका हकिगतीने करतो. कावसजी नावाचा एक माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक कापले गेले, एक हातही गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे सारे चित्रासह छापून आले. युरोपातल्या शल्यविशारदांनी त्यावरून धडे घेतले.

त्या वर्णनातला एक तपशील मी माझ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा घेतला, तो कावसजीच्या चेहऱ्यावर बसवून नाकाचा आकार दिला, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. शस्त्र त्यानंतर हातात घेतले. म्हणजे माप त्याच माणसाच्या अंगावरून घेतले. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याची मला खंत वाटते.

सैन्यासाठी उपकरणे करताना आम्ही जिथे जिथे चुकलो, तिथे हे मेण वापरायचे राहून गेले होते. एक अनुभव सांगतो.

साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. तिथे धडधाकट जवानाच्याही फुफ्फुसांत पाणी साचू शकते. सैन्यात या आजाराला ‘हापो’ म्हणतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर हजारो जवान एकदम उंचावर गेले, तेव्हा आपल्याच लष्करी डॉक्टरांनी उंचीवरच्या आजारांच्या अभ्यासात मोठी भर घातली. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १,९२५ जवानांवरचा १९६९ चा निबंध आजही जगभर वाचला जातो. खरा उपाय एकच, रोग्याला खाली उतरवणे. हवामान बिघडले, हेलिकॉप्टर येईना, तर रोग्याला हवाबंद पिशवीत ठेवून पायपंपाने आतला दाब वाढवायचा. दर चौरस इंचाला दोन पाऊंड एवढाच जादा दाब, पण त्या उंचीवर तो रोग्याला दीड ते दोन हजार मीटर खाली नेल्यासारखे काम करतो.

आमच्या गटाने अशाच एका पिशवीत सुधारणा केल्या होत्या. बंगळूरमध्ये सगळ्या चाचण्या पार पडल्या. लडाखला नेल्यावर साताऱ्याकडच्या एका जवानाने चेन ओढून पाहिली आणि म्हणाला, “साहेब, मोजा काढला तर बोट जाईल, आन् मोज्यात ही कडी घावत न्हाई.” बोलता बोलता त्याने बुटाची जादा नाडी काढली, कडीत ओवली आणि मुठीत मावेल एवढा फास केला. चेन सरसर बंद झाली. दीड वर्ष राबलेले आम्ही चार इंजिनिअर त्या नाडीकडे बघत उभे होतो.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. आमच्या आराखड्यात ‘पंप चालवणारा : एक’ असे लिहिले होते. आतल्या माणसाचा उच्छ्वास साचू नये म्हणून पंप सतत मारावा लागतो, तासन् तास. पण मारणाराही त्याच विरळ हवेत उभा असतो. थोड्याच वेळात त्याला धाप लागली आणि दुसऱ्याने पाय लावला. त्या दिवशी आराखड्यातला ‘एक’ आम्ही खोडला आणि ‘तीन’ केले. बर्फाचे बूट मावतील एवढे पॅडल रुंद केले. सूचनापत्रक तर पार बदलले. आधी झडपांच्या नावांनी भरलेली दोन इंग्रजी पाने होती. आता सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत दोन ओळी आहेत : पंप थांबवू नका. आतल्या माणसाशी बोलत राहा. दुसरी ओळ आमची नाही, तिथल्या नर्सिंग असिस्टंटची आहे. पिशवीत कोंडलेला माणूस घाबरला की श्वास आणखी वाढतो, हे त्याला ठाऊक होते.

मला नेहमी विचारतात, युद्धाच्या यंत्रणेसाठी काम करताना मन खात नाही का? नाही खात. आमचे काम जवान जखमी झाल्यावर किंवा आजारी पडल्यावर सुरू होते. शिवाय हे ज्ञान छावणीच्या कुंपणात राहत नाही. ‘तेजस’ विमानाच्या वैमानिकासाठी हवेतून प्राणवायू वेगळा करण्याचे जे तंत्र संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने (डीआरडीओ) बसवले, त्यावरच २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, मिनिटाला १,००० लिटर क्षमतेचे प्रकल्प रुग्णालयांच्या आवारात उभे राहिले. डॉ. कलाम यांनी क्षेपणास्त्राच्या हलक्या साहित्यातून पोलिओग्रस्त मुलांसाठी ३०० ग्रॅमचे कॅलिपर करवून घेतले. त्याआधी ती मुले तीन तीन किलोंचे ओझे पायाला बांधून चालत होती.

आणि इथून जवळच वानवडीला सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासून. कावसजीला कोणी हात करून दिल्याची नोंद नाही. दीडशे वर्षांनी त्याच पुण्यात हातपाय करणारे केंद्र निघाले. तिथल्या कारागिरांकडून मी शिकलो की कापलेल्या पायाचे माप सकाळी एक असते आणि दिवसभर चालल्यावर दुसरे. खोबण, म्हणजे सॉकेट, घट्ट झाली तर जखम होते, सैल झाली तर पाय खेळतो. संगणकाने कितीही अचूक माप घेतले तरी ते त्या क्षणाचे असते. म्हणून जवानाला पुन्हा पुन्हा बोलवावे लागते आणि आपल्या खरेदीच्या कागदांत नेमकी याचीच तरतूद राहून जाते. उपकरण पोहोचले, सही झाली, फाइल मिटली. हे मला मान्य नाही. वर्षभराने ते उपकरण वापरात आहे की कोठारात, याची नोंद केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, अशी मागणी या अधिवेशनाने ठरावाने करावी.

एक विनंती तरुण सहकाऱ्यांना. पुढच्या वर्षी आपले उपकरण दाखवायला याल, तेव्हा ते प्रत्यक्ष वापरलेल्या एका माणसाला बरोबर आणा. त्याची खुर्ची आपण व्यासपीठावर ठेवू आणि त्या दिवशी पहिले भाषण त्याचे असेल.