हळदीच्या मलमाला बुरशी लागली तेव्हा

गोरेगावच्या आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

२०२४ साली आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तसं आमच्याही मनात आलं, हळदीचं मलम करून विकावं. हळद जंतू मारते, मग मलम कशाला नासतंय? कोरफडीचा ताजा गर घालून बारा डब्या भरल्या. थोड्याच दिवसांत वर बुरशी! सगळ्या उकिरड्यावर गेल्या, गटाचे पैसेही गेले.

हळदीतलं कुरकुमिन जंतूंची वाढ रोखतं खरं, पण ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात विरघळतं. गरात सगळं पाणीच. बुरशीला रान मोकळं. आता खोबरेल, मधमाश्यांचं मेण आणि हळद, एवढंच घेतो. हात कोरडा, डबी कोरडी. उजेडानं कुरकुमिन कमी होतं, म्हणून डबी फडताळात ठेवतो.

जखमेवर हळद लावायला आपल्याला आजीनं शिकवलं. अमेरिकेत मात्र १९९५ साली त्याचंच पेटंट दिलं होतं! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ साली ते रद्द करायला लावलं.

तरी डबीवर ‘जखम भरते’ असं छापायचं तर औषधाचा परवाना लागतो, नुसतं क्रीम म्हणून विकायलाही परवाना लागतोच. तोवर मलम आमच्याच टाचांच्या भेगांना. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम असेल तर तेही नको, सरळ दवाखाना गाठा.