चिखल गेला, ओल राहिली

(पूरग्रस्त भागात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महापूर ओसरल्यानंतरचे पहिले काही दिवस सेवाकार्याच्या दृष्टीने मोठ्या धामधुमीचे असतात. घमेली, फावडी आणि खराटे घेऊन तरुणांची पथके गल्लोगल्ली उतरतात, शिधा पोहोचतो, पाण्याचे टँकर येतात. जुलै २००५ मध्ये मुंबई, महाड, चिपळूण येथे, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा चिपळुणात समाजाने हे दृश्य पाहिले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि घरातील चिखल निघाला की सेवाकार्य संपले, अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती एकदा तपासून पाहिली पाहिजे. कारण चिखल डोळ्यांना दिसतो. भिंतीत मुरलेली ओल दिसत नाही. पथक परत जाते आणि त्यानंतर त्या घरात बुरशीचे राज्य सुरू होते.

चिपळूणचेच उदाहरण घ्यावे. पूर आला २२ जुलैला आणि त्या वर्षीची गणेशचतुर्थी होती १० सप्टेंबरला. म्हणजे मध्ये अवघे पन्नास दिवस, आणि तेही पावसाळ्याचे. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र असतो. तो जितके पाणी पितो, तितके ते सोडायला त्याला कितीतरी अधिक काळ लागतो. गणपतीपूर्वी घर नीटनेटके दिसावे ही कोणत्याही कुटुंबाची स्वाभाविक इच्छा असते. पण ओल्या भिंतीवर घाईने दिलेला रंग म्हणजे संकटावर घातलेले पांघरूण होय. त्या रंगाखाली ओल कोंडते, पोपडे सुटतात आणि काळे डाग पुन्हा वर येतात.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी हा सृष्टीतील एक उपयुक्त जीव आहे. पालापाचोळ्याची माती करण्याचे काम तीच करते; १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला, तोही बुरशीमुळेच. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना हवी असते ती केवळ ओल. लाकूड, कागद, कापूस, खळ, तेलकट धूळ हे अन्न प्रत्येक घरात असतेच. ओल मिळाल्यावर २४ ते ४८ तासांत बुरशी वाढू लागते. म्हणून बुरशीशी लढा हा मुख्यतः ओलीशी लढा आहे.

तिचा उपद्रव लहान मुले, वृद्ध आणि दमेकरी यांना अधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; श्वसनाचे विकार आणि दमा यांच्याशी असलेला ओलसर घरांचा संबंध त्यांत नमूद आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात ‘काळी बुरशी’ या नावाने जी भीती पसरली, तो म्युकरमायकोसिस हा निराळा आजार. भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. घबराट नको, आणि हयगयही नको.

येथे एक मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. बुरशी मारणे आणि बुरशी काढून टाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेलेल्या बुरशीचे कण आणि बीजाणू यांनीही शिंका, खोकला आणि धाप लागू शकते. त्यामुळे औषध फवारून निघून येणे म्हणजे स्वच्छता नव्हे. ते अवशेष पुसून, धुऊन घराबाहेर गेले पाहिजेत.

कामाचा क्रम

प्रथम वीजपुरवठा बंद करून जाणकाराकडून तपासून घ्यावा. कार्यकर्त्याने एन-९५ मुखपट्टी, रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. दमा असलेल्याने हे काम करू नये. ज्या खोलीत काम चालू आहे, तिचे आतील दार बंद करावे आणि बाहेरच्या खिडक्या उघडाव्यात. बुरशी दिसत असताना पंखा लावू नये, कोरडा झाडूही मारू नये. दोन्हींमुळे बीजाणू घरभर उडतात.

त्यानंतर निवड करावी. फरशी, काच, धातू, टणक प्लास्टिक या वस्तू धुऊन स्वच्छ होतात. कापसाच्या गाद्या-उशा, फुगलेले प्लायवूड, भिजलेले छत-आच्छादन यांत बुरशी खोलवर शिरते. त्यांचा मोह सोडावा आणि त्या पिशवीत बांधूनच बाहेर काढाव्यात. बुरशी आलेले शेंगदाणे, मका यांसारखे धान्य निवडून, भाजून वापरू नये. त्यातील विष साध्या शिजवण्याने जात नाही. जुनी कागदपत्रे आणि पोथ्या कडक उन्हात न टाकता सावलीत, पानांमध्ये टिपकागद घालून वाळवाव्यात.

भिंती व वस्तू साबणाच्या पाण्याने, काथ्याच्या ब्रशने, वरून खाली या क्रमाने घासाव्यात. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक फडके पिळण्याची. घाण झालेले पाणी वारंवार बदलावे. सुटलेला गिलावा ओला करून खरवडून काढावा. ब्लीच वापरायचे असल्यास खिडक्या उघड्या ठेवून वापरावे आणि ते शौचालयाच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. हवेतील कण खाली बसतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सर्व पृष्ठभाग पुन्हा ओल्या फडक्याने पुसावेत. कपाटांचा माथा, पंख्याची पाती, दाराची चौकट, देवघराची मागील बाजू या जागा हमखास राहून जातात.

भिंत वाळली की नाही, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस थेंब जमले, तर भिंतीत ओल आहे. रंग लावण्याची वेळ आलेली नाही.

परंपरेतील शहाणपण

भर पावसात कोकणातील बाहेरची हवाच दमट असते. नुसत्या खिडक्या उघडून घर वाळत नाही. खरी वाळवण होते ती पाऊस परतल्यावर, आश्विनाच्या उन्हात. दिवाळीपूर्वी घर रिकामे करून झाडणे, गाद्या उन्हात घालणे, भिंतींना चुन्याची सफेदी देणे ही आपल्याकडील रीत या ऋतुमानाशी किती सुसंगत आहे, हे येथे उमगते. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि त्यातून भिंतीचा श्वासही कोंडत नाही. मात्र परंपरेचा अभिमान डोळस असावा. धूप किंवा उदाचा धूर कुबट वास झाकतो, बुरशी काढत नाही; दमेकऱ्याला तर तो अधिकच त्रासदायक ठरतो. पतंजलींच्या पाच नियमांत पहिले स्थान शौचाला आहे, सुगंधाला नाही.

दुसरी फेरी

म्हणून पूरग्रस्त भागातील सेवाकार्याच्या दोन फेऱ्या असाव्यात. पहिली श्रावणात, चिखल काढण्याची. दुसरी आश्विनात, ओल व बुरशी काढण्याची. पहिल्या फेरीतच घरांची नोंद करावी. कोणत्या घरात दमेकरी आहे, कोठे तान्हे मूल आहे, कोणती वृद्ध दांपत्ये एकटी राहतात, हे लिहून ठेवावे. दुसऱ्या फेरीचा प्रारंभ त्याच घरांपासून व्हावा. वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत एकच खिडकी असते आणि उंच माळा नसतो. तेथील सामान दोन दिवस ठेवण्यासाठी शाळेची किंवा देवळाची ओसरी मिळवून देणे, हीसुद्धा सेवाच आहे.

हे काम करायचे कोणी? गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले आहे. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता समूळ गेली पाहिजे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. घाण उपसण्याचे काम एका विशिष्ट समाजाचे, ही भावना मनाच्या कोपऱ्यात उरली असेल, तर तीही रंगाखालची ओलच होय. घराच्या मालकाने, त्याच्या मुलाने आणि कार्यकर्त्याने एकाच बादलीतले फडके पिळावे.

सेवाकार्याच्या वृत्तांतात किती घरे धुतली, याचा आकडा येतो. त्यापुढे आणखी एक रकाना असावा: किती घरे कोरडी झाली? तो रकाना भरला जाईल, तेव्हाच पूर खऱ्या अर्थाने ओसरला असे म्हणता येईल.