गोदावरी आणि तिच्या उपनद्या

त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर जन्म घेते. परंतु सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघाल्यामुळें ती त्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि १४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. महाराष्ट्रांत तिची थोरवी सांगावयास नको. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, तिच्याच तीरावर होती. तिची उपनदी प्रवरा हिच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आणि १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं नांदेड येथें देह ठेविला.

या थोरवीमुळें एक समज मात्र रूढ झाला आहे. नदीचें नांव उगमापासून मुखापर्यंत एक, तेव्हां तिचें पाणीही सर्वत्र सारखेंच असणार, असें पुष्कळांस वाटतें. भूगोल निराळें सांगतो. त्र्यंबकेश्वराचे डोंगर मागें पडतांच नदी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत शिरते. तेथें उजवीकडून प्रवरा, डावीकडून अजिंठ्याच्या डोंगरांतील पूर्णा आणि पुढें उजवीकडूनच बालाघाटांतील मांजरा तिला येऊन मिळतात खऱ्या. पण या नद्यांचा बराचसा मुलूख अवर्षणाचा. ज्यांच्या स्वतःच्या घरीं तूट, त्या थोरलीला काय देणार?

नदी खरी भरते ती सिरोंचाजवळ. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा यांचें पाणी घेऊन प्राणहिता तेथें येते. गोदावरीच्या साऱ्या खोऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या प्राणहितेचा आहे. पुढें ओडिशाच्या डोंगरांतून निघालेल्या इंद्रावती आणि शबरी या नद्या भरपूर पावसाच्या अरण्यप्रदेशांतलें पाणी आणून देतात. राजमहेंद्रीस नदीचें पात्र कांहीं किलोमीटर रुंद होतें. तेथें धवळेश्वर येथें आर्थर कॉटन या अभियंत्यानें १८४७ ते १८५२ या काळांत बंधारा बांधविला, आणि मुखाकडील त्रिभुज प्रदेश भाताचें कोठार बनला.

हें विपुल पाणी मराठवाड्याच्या कामीं येत नाहीं, याचें कारण साधें आहे. सिरोंचाचें पात्र पैठणपेक्षां ३०० मीटरांहून अधिक खालीं आहे, आणि पाणी चढावर वाहत नाहीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. पण तें भरावयाचें तें नाशिक-अहिल्यानगरकडील पाण्यानें, आणि तेथेंही धरणें आहेत. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याचें समन्यायी वाटप करावें असें ठरविलें. तरी तुटीच्या वर्षीं वरून पाणी सोडतांना वाद होतात आणि ते न्यायालयापर्यंत गेले आहेत. नाशिकची द्राक्षबाग आणि पैठणखालचें शेत यांची तहान एकाच लहानशा प्रवाहावर भागवावयाची आहे.

गोदावरींत पाणी अमाप आहे, हें विधान राजमहेंद्रीस खरें आणि पैठणास खोटें ठरतें. उपनद्यांचीं नांवें मुलांनीं शिकावयाचीं तीं परीक्षेपुरतीं नव्हेत. कोणतें पाणी कोठून येतें हें ज्यास ठाऊक, त्यालाच त्याच्या वांटणीविषयीं न्यायानें बोलतां येईल.