कुंपणावरचा मतदार आणि प्रचारसभा

प्रचारसभेच्या गर्दीत कार्यकर्ते असतात, गाड्या भरून आणलेली माणसे असतात, तसे मत अजून न ठरवलेले मतदारही असतात. सभा खरी उपयोगी पडते ती या शेवटच्यांना. मोठा नेता येईपर्यंत स्थानिक उमेदवार बोलत असतो; पाणी, रस्ते, पीकविमा यांवर तो नेमके काय सांगतो ते तेव्हाच ऐकायला मिळते. त्या वेळी बहुतेकांचे लक्ष हेलिकॉप्टरच्या वाटेकडे लागलेले असते, ही खेदाची गोष्ट आहे.

उमेदवार व्यासपीठावर असला की सभेचा खर्च त्याच्या हिशेबात धरतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. म्हणूनच निवडणूक आयोगाचे पथक मंडप, खुर्च्या, झेंडे, गाड्या यांचे चित्रीकरण करते. पैसे किंवा वस्तू वाटताना कोणी दिसल्यास ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅपवर तक्रार करता येते. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद होतो. मतदान संपण्याच्या ४८ तास आधीपासून सभांनाच मनाई असते.

भाषण ऐकून घरी आल्यावर उमेदवाराचे शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर जरूर वाचावे. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, दाखल गुन्हे असे सारे त्यात असते. कोणीच पटले नाही, तर २०१३ पासून मतदानयंत्रावर ‘नोटा’चे बटण आहे.