गाडी घेतली, आता बॅटरी सांभाळा

इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी. ती लवकर थकली, तर पेट्रोलवर वाचवलेले पैसे तिथेच जातात. म्हणून आज तिच्या आयुष्याबद्दल बोलू.

लिथियम बॅटरी दोन कारणांनी म्हातारी होते: वापराने आणि नुसत्या काळाने. दुसरं कारण आपण विसरतो. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी वाईट. नागपूर असो, इंदूर असो की हैदराबाद, मे महिन्यात १०० टक्के चार्ज करून गाडी उन्हात उभी ठेवली, तर बॅटरी न चालताही झिजते.

मग करायचं काय? आधी गाडीचं मॅन्युअल उघडून बॅटरीचा प्रकार बघा. एनएमसी असेल तर रोजच्याला ८० टक्के पुरे. लांबच्या प्रवासाआधीच पूर्ण भरा. एलएफपी असेल तर अधूनमधून १०० टक्के भरावी, कारण तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सारखंच राहतं आणि चार्ज किती उरलाय, याचा गाडीचा अंदाज चुकत जातो.

स्कूटर उन्हातून आणली की लगेच चार्जरला लावू नका. आधी थंड होऊ द्या. फास्ट चार्जिंग गरजेपुरतंच. महिनाभर गावी जाणार असाल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून गाडी सावलीत ठेवा.

शेवटचं. वॉरंटीत नुसती वर्षं बघू नका. किती टक्के क्षमतेची हमी आहे, तेही वाचा. अनेक कंपन्या ७० टक्के धरतात. आणि जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आधी बॅटरीची तब्येत विचारा, तीही लेखी.

भेटू पुढच्या भागात.